देवमाशाचा महिना

अण्णा कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. पंखा कशाला टांगलाय, हुक जुना आहे की नवा, फिरताना दांडा डुलतो का, हे सगळं पाहून झाल्यावर मग खाली बसलेल्यांना नमस्कार. पंखा पटला नाही तर ते भिंतीला टेकून उभे राहत, मग तो लग्नाचा हॉल असो, बँक असो, नाहीतर पुतणीला बघायला आलेल्या मंडळींची बैठक असो. दुसरं काम म्हणजे बाहेर पडायची वाट हेरून ठेवणं. कुणाकडे चहाला गेले तरी बसता बसता विचारत, मागल्या बाजूला दार आहे ना म्हणून. यजमानांना वाटायचं, म्हातारबाबांना वास्तुशास्त्र कळतं. अण्णा फक्त भीत असत.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतक्या शिस्तीत भिणाराही पाहिला नाही. वीज चमकली की ते आकडे मोजायला लागत आणि गडगडाट ऐकू आला की ती किती लांब पडली ते सांगत. कुत्रं दिसलं की आधी त्याची शेपटी, मग कान, मग जवळची भिंत, असा क्रम ठरलेला. शर्टाच्या खिशात कायम एक शिट्टी असे. कुठे अडकलो, घसा बसला, तर वाजवायला. चाळीस वर्षांत गरजेला ती एकदाही वाजली नव्हती, पण दर महिन्याला ते ती फुंकून तपासत. "भ्यायला लाजायचं न्हाई," असं त्यांचं म्हणणं, "पण अंदाजानं भ्यायचं न्हाई. माप घ्यायचं."

माप घेणं हाच त्यांचा धंदा होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा पंपाचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना. पंधरा-वीस माणसं, सहा लेथ आणि कोपऱ्यात काचेची तपासणी खोली. तयार झालेला प्रत्येक दांडा आणि त्यावर बसणारा प्रत्येक बुश त्या खोलीत यायचा, मोजला जायचा, आणि सही झाल्यावरच पेटीत भरला जायचा. त्या खोलीत मी नऊ वर्षं काढली. अण्णांना जाऊन आता दीड वर्ष झालं, आणि अजून मी नव्या खोलीत शिरले की माझी मान आपोआप वर जाते.

मी मूळची उंब्रजची. वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. आमच्या घरात भीती हा शब्द शिवीसारखा वापरला जाई; अंधारात गोठ्यात जायला कां-कूं केलं तर जेवताना सगळ्यांसमोर उद्धार व्हायचा. त्यामुळे मी पुष्कळ गोष्टींना भीत असे आणि कुणाला सांगत नसे. नोकरीच्या मुलाखतीला अण्णांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, कशाला भितेस. मी ताठ बसून सांगितलं, कशालाच नाही. त्यांनी प्रमाणपत्रं परत माझ्याकडे सरकवली.

"मग तपासणीला चालायची न्हाईस. जी भ्यात न्हाई ती सही लवकर करती."

मला रडू यायचं बाकी होतं. उठता उठता मी म्हणाले, "चुकायला भिते." अण्णा म्हणाले, सोमवारपासून ये. पुढे असं झालं की इतर कुणाची सही असली तर अण्णा पेटी उघडून दोन-चार नग स्वतः मोजून बघत; माझी सही असली की उघडत नसत. वडिलांनी आयुष्यभर न दिलेली शाबासकी मला त्या न उघडलेल्या पेट्यांनी दिली.

अण्णांचं दुसरं माप सूर्याचं होतं. ते जैन, आणि व्रताच्या बाबतीत फार कडक. तिशीत मुनिमहाराजांसमोर त्यांनी सूर्य मावळल्यावर अन्न-पाणी न घेण्याचं व्रत घेतलं ते चाळीस वर्षं पाळलं. हिवाळ्यात साडेपाचला डबा उघडायचे. चांगल्या गिऱ्हाइकाशी बोलणं चालू असलं तरी "थांबा, दिवस चाललाय" म्हणून उठायचे. कारण विचारलं की सांगत, अंधारात ताटात बारीक जीव पडला तर आपल्याला दिसत नाही आणि तो पोटात जातो. चातुर्मासात, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत, ते सांगली सोडत नसत. पाणी तर घरचं असो की दारचं, गाळल्याशिवाय पीत नसत.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकी म्हणायचो. व्रतं त्यांचीही तीच, पण स्वभाव दुसऱ्या टोकाचा. काकींना कशाचीच भीती वाटत नसे आणि अण्णांच्या भीतीची त्या मनमुराद गंमत करत. देवमाशाचं प्रकरण जिथून सुरू झालं ते मला काकींकडूनच पहिल्यांदा कळलं.

झालं असं की महापुरात यांचं नदीकडच्या पेठेतलं घर पाण्यात गेलं आणि दोघं तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गॅलरीत उभे असताना बोळाच्या टोकाकडून काहीतरी काळं, गोल, भलंमोठं, अर्धं पाण्यात आणि अर्धं वर असं हळूहळू येताना त्यांना दिसलं. ते गॅलरीच्या खांबाला घासलं. त्याचा धक्का अण्णांच्या तळपायाला जाणवला आणि ते ओरडत आत पळाले. त्या दिवशीही शिट्टी फुंकायची त्यांना आठवण झाली नाही. तांदूळ निवडत बसलेल्या काकी उठल्या, कपडे वाळत घालायच्या काठीनं त्या वस्तूला ढोसलं आणि म्हणाल्या, टाकी आहे. कुणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची प्लास्टिकची टाकी.

दुसऱ्या कुणी हा किस्सा दडपला असता. अण्णा जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच सांगत, पण हसत नसत. टाकीला भ्यालो याची त्यांना लाज वाटायची. भिण्याची नव्हे, टाकीची. एवढा जिवाच्या आकांतानं भ्यालो आणि समोर काय, तर पाचशे लिटरचा रिकामा डबा. माप चुकलं, असं ते म्हणत. तेव्हापासून पाण्यातून काहीतरी काळं येतंय असं त्यांना स्वप्नात दिसे, बादलीत वाकून बघितलं तरी छातीत धडधडे. मग एके दिवशी तपासणी खोलीत येऊन त्यांनी दार लावलं आणि मला सांगितलं, पाण्यातनं येणारं सगळ्यात मोठं जे काही आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचं. देवमासा. आणि तोही चांगल्या जहाजावरून, कठड्याला धरून.

"एकदा खऱ्याला भिऊन बघतो," ते म्हणाले. "मग टाकीचं टाकीला, बादलीचं बादलीला."

कुठं जायचं आणि कधी, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी वाचणारी आणि अण्णांना जिचा आकडा पटतो अशी मी एकटीच होते. एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदावर आम्ही तक्ता आखला. वर बारा महिने, खाली जगातले समुद्र, आणि प्रत्येक चौकोनात देवमासे असतात की नसतात. तो कागद खोलीच्या भिंतीवर दीड वर्ष होता. लेथवरची माणसं माप द्यायला आली की त्याच्याकडे बघत आणि एकमेकांना कोपरानं ढोसत. एकानं तर मला गंभीरपणे विचारलं, आपण देवमाशाचे पण बुश करणार काय म्हणून.

अण्णा जागा निवडत ती माल तपासावा तशी: आत बसतोय किंवा बसत नाही, मधलं काही नाही. उत्तर अमेरिकेच्या वरच्या टोकाचा समुद्र सगळ्यात नावाजलेला, पण तिथला हंगाम जून ते सप्टेंबर, चातुर्मास, रद्द. आइसलँड, तेच महिने, रद्द. श्रीलंका जवळची, महिनेही योग्य, पण तिथं लहान बोटीतून जावं लागतं. बोट हलते, रद्द. दक्षिण ध्रुवाकडे जाताना दोन दिवस खवळलेला समुद्र लागतो असं मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. मेक्सिकोकडे फेब्रुवारीत जे देवमासे येतात ते बोटीजवळ येऊन माणसांना हात लावू देतात. मला वाटलं हे त्यांना आवडेल. अण्णा म्हणाले, "हात लावू देतोय तर त्याला काय भ्यायचं? ती म्हस झाली." रद्द.

दाताच्या जातीचा देवमासा त्यांना नकोच होता. ज्याला दात नसतात, ज्याच्या तोंडात झालरीसारख्या पट्ट्या असतात आणि जो तोंडभर पाणी घेऊन ते त्या पट्ट्यांतून गाळतो, तो त्यांना फार पसंत पडला. पाणी गाळतो म्हणजे आपल्यातलाच म्हणायचा की, असं ते दोन-तीनदा म्हणाले. पाणी गाळून मागे जे उरतं त्याचं तो काय करतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याकडे गाळल्यावर कापडात राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडतात, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

शेवटी एक जागा सगळ्या मापांत बसली. नॉर्वेचं उत्तर टोक. तिथं नोव्हेंबर ते जानेवारी माशांचे थवे किनाऱ्याजवळच्या खाड्यांत येतात आणि त्यांच्यामागे देवमासे. चातुर्मास संपलेला, जहाज मोठं, दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे पाणी शांत, देवमासे बिनदाताचेही. डिसेंबरचा मधला आठवडा सगळ्यात खात्रीचा. मी थंडी किती ते बघितलं, लाटा किती उंच ते बघितलं, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय काय मिळेल ते दोन वेळा पत्र लिहून विचारून घेतलं. जहाजावर डॉक्टर नसतो पण नर्स असते, हेही लिहून आणलं. अण्णांनी तक्ता खालपासून वरपर्यंत वाचला आणि म्हणाले, सही कर. मी केली.

एक रकाना त्या तक्त्यात नव्हता, आणि तो नाही हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सूर्य उगवतो का, असा प्रश्न सातारा-सांगलीकडे कुणाला पडत नाही.

जहाज दक्षिणेकडच्या बंदरातून निघालं तेव्हा सगळं ठीक होतं. आम्ही तिघं, दोन शेजारशेजारच्या केबिन. काकींनी एक अख्खी पेटी खाण्याची आणली होती: भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे आणि तिळाचे लाडू. दारात रोज सकाळी एक छापील पत्रक सरकवलेलं असायचं, त्यात वारा, थंडी, आणि सूर्य कधी उगवणार, कधी मावळणार ते. पहिल्या दिवशी पावणेदहा ते तीन. अण्णांनी पत्रक भिंगातून वाचलं आणि दोन्ही जेवणं त्यात बसवली. दुसऱ्या दिवशी वेळ तासाभरानं कमी झाली. मला वाटलं, हवामान असेल. तिसऱ्या दिवशी साडेअकरा ते एक असं लिहिलेलं होतं. मी मोबाईलवर शोधलं, आणि केबिनच्या उंबऱ्यावर बसून राहिले. पुढचे पाच दिवस सूर्य उगवणारच नव्हता.

चौथ्या दिवसाचं पत्रक मी अण्णांच्या दारातून आधीच उचललं होतं, पण ते रोज मागत, म्हणून द्यावंच लागलं. सूर्योदयाच्या पुढे एक आडवी रेघ होती, सूर्यास्ताच्या पुढे दुसरी. अण्णांनी भिंग पुसलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, हितं आकडा भरायचा राहिलाय.

मी सांगितलं. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की तक्त्यावर त्यांचीही नजर फिरली होती, आणि तोंड धुऊन जपाला बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

काकींनी त्याच दुपारी आपला निकाल लावून टाकला. त्यांनी घड्याळ सांगलीच्या वेळेवरच ठेवलं होतं. व्रत सांगलीत घेतलं, सूर्यही सांगलीचाच धरायचा, असं म्हणून त्या सांगलीत दिवस असेपर्यंत खात-पीत. अण्णांना ते पटेना. दोघांचा वाद मी दाराशी उभी राहून ऐकला.

"वाटी हितं, अंधार हितं. किडामुंगी पडली तर ती हितल्या वाटीत पडंल का सांगलीतल्या?"

"हितल्या थंडीत किडामुंगी कुठली आवं," काकी म्हणाल्या, "हितं माणूस जगंना."

अण्णा हसले, पण लाडू घेतला नाही. दुपारी बाराच्या सुमाराला बाहेर थोडं उजळायचं, निळसर, आपल्याकडे दिवेलागणीला असतं तसं. मी म्हणायची, अण्णा, बघा, उजाडलं. ते म्हणायचे, उजाडलं म्हणजे उगवला नव्हे. पाचही दिवस काढायचे, सहाव्या दिवशी परतीच्या वाटेवर सूर्य दिसेल, असा हिशेब त्यांनी करून ठेवला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, पाण्याच्या थेंबाशिवाय.

बिनपाण्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा आवाज खोल गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना ते भिंतीला धरून उठले. मी नर्सबाईंना बोलावून आणलं. त्यांनी नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली; ती तशीच उभी राहिली. त्यांनी रस आणला. अण्णांनी त्यांना हात जोडले. बाहेर आल्यावर नर्सबाई मला म्हणाल्या की आज यांच्या पोटात काही गेलं नाही तर उद्याचं त्या सांगू शकत नाहीत, आणि जवळचं इस्पितळ एका दिवसाच्या अंतरावर आहे. मी काकींकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गंमत करत नव्हत्या. लाडवाचा डबा मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. तेव्हा मला खरी भीती वाटली. माझ्या एका सहीनं एक माणूस मरणार होता, आणि तो मला दोष न देता मरणार होता.

त्याच दुपारी कर्ण्यावरून सांगितलं गेलं की देवमासे आलेत. अण्णा म्हणाले, मला वर न्या. काकी नको म्हणाल्या, मी नको म्हणाले. ते म्हणाले, एवढ्यासाठी आलोय. एका बाजूनं काकी, एका बाजूनं मी, असं त्यांना डेकवर आणलं आणि कठड्याजवळच्या बाकावर बसवलं. ती निळी घटका होती. पाणी काळं, डोंगर पांढरे, माणसं कुजबुजत उभी. मग आमच्यापासून दोन-तीन बसगाड्यांच्या अंतरावर पाणी फुगलं आणि काळी पाठ वर आली. येतच राहिली. कंप्रेसरची हवा सोडावी तसा फुस्स आवाज झाला आणि त्याच्या श्वासाचा सडका, माशांचा वास आमच्या तोंडावर आला. पाठोपाठ दुसरा आला, तोंड वासून, सरळ वर. त्याच्या जबड्यातून पाणी आणि चांदीसारखे हजारो मासे सांडत होते. जबडा मिटला. पाणी गाळून बाहेर आलं. मासे आले नाहीत.

काकी हळूच म्हणाल्या, गाळतोय खरा, पण सोडत न्हाई. अण्णा थरथर कापत होते. त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. मला कळेना, हे भिणं आहे की दुसरं काही. त्यांनी माझा हात धरला तो इतका हलका लागला की माझं सगळं अवसान गळालं. त्यांचा चष्मा देवमाशाच्या तुषारांनी धुरकट झाला होता, आणि मी खोटं बोलले.

"अण्णा, सूर्य उगवलाय. डोंगराआड आहे, म्हणून दिसत नाही. आत्ताच कर्ण्यावर सांगितलं. तो बघा, त्या डोंगरामागे." आणि मी बोट केलं.

अण्णांनी चष्मा काढला, शालीला पुसला, पुन्हा घातला. डोंगराकडे एकदा बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले, खूप वेळ. बोट केलेला हात मी खिशात घातला. ते काकींकडे वळून काहीतरी पुटपुटले. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. काकींनी डबा उघडला. अण्णांनी हात जोडून णमोकार मंत्र म्हटला, आधी गाळलेलं पाणी घोट घोट घेतलं, मग लाडू. त्यानंतरचे दोन दिवस दुपारी त्याच वेळेला मी सांगायची, अण्णा, उगवला. आणि ते खायचे. एकदाही त्यांनी कुठे आहे असं विचारलं नाही.

सांगलीला आल्यावर त्यांनी महाराजांना गाठलं आणि आठ दिवसांचे उपास केले. परदेशात खाण्यातून काय काय पोटात गेलं असेल कोण जाणे, असं कारखान्यात सांगितलं. कुणी देवमाशाचं विचारलं की म्हणायचे, नीट भ्यालो. आता टाकी स्वप्नात येत नाही. पंख्याकडे मात्र तसेच बघत राहिले. माझ्या पेट्याही पूर्वीसारख्या न उघडता जात राहिल्या, आणि तेच मला सोसत नव्हतं. त्यांनी आत बोलावलं की वाटायचं, आता कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. दोन वर्षं मी अशी भीत काढली. सांगून टाकावं असं शंभरदा ठरवलं आणि शंभरदा गिळलं.

मग ते गेलेच. सकाळी अंघोळ करून जपाला बसले आणि बसल्या बसल्या गेले. समाजाच्या सभागृहात शोकसभा झाली. एक वयस्क गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले की जिथं सूर्य उगवत नाही अशा मुलखात जाऊनसुद्धा या माणसानं चाळीस वर्षांचं व्रत ढळू दिलं नाही. सगळ्या माना हलल्या. मी बायकांमध्ये बसले होते. माझी मान तेवढी हलली नाही.

सभा संपल्यावर मी काकींच्या घरी गेले. त्या अण्णांचे चष्मे एका डब्यात भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कर्ण्यावर काही सांगितलं नव्हतं, सूर्य उगवला नव्हता, त्यांचं व्रत मी मोडलं, आणि आता लोक काय म्हणतात ते ऐकवत नाही. काकींनी मला खाली बसवलं.

"तू बोट केलंस त्यो डोंगर उत्तरंला हुता," त्या म्हणाल्या. "सकाळीच खलाशाला दिशा इचारून जपाला बसलेला माणूस. उत्तरंला कवा सूर्य उगवतोय गं?"

मग खाल्लं कशाला, मी विचारलं.

"मला म्हणाले, पोरगी लय भ्यालीया. डबा उघड."

काकींनी डब्याचं झाकण लावलं. आठ उपास त्याच खाण्याच्या प्रायश्चित्ताचे होते, त्यांनी सांगितलं. आणि हे मला कळू द्यायचं नाही, अशी अण्णांनी त्यांना शपथ घातली होती. मी रडायला लागले तशी त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या की लाडू काही नुसता माझ्यासाठी खाल्ला नव्हता, सलग चार खाल्ले होते.